गच्चीवरची वीज

वैशाखातली दुपार होती. सोलापूरची वैशाखातली दुपार कशी असते हे सोलापूरकरांना सांगावयास नको, आणि इतरांना सांगून खरे वाटणार नाही. रस्ते ओस पडलेले असतात. सिद्धेश्वराच्या तळ्यावरून येणारा वाराही भट्टीतून आल्यासारखा वाटतो. गच्चीवर अनवाणी पाऊल टाकले तर ते आपोआप परत उचलले जाते. पारा चाळीस अंशांच्या पुढे गेला म्हणून येथे कोणी नवल करीत नाही.

अशा दुपारी शहराच्या पूर्व भागातील एका घरात दोन नातवंडे आजोबांच्या खोलीत पंख्याखाली पहुडली होती. पंखा एकाएकी मंदावला आणि थांबला. शेजारच्या कारखान्यात चादरी विणणारे यंत्रमाग सकाळपासून खटखटत होते, तेही मुके झाले.

"वीज गेली," आजोबा म्हणाले.

धाकटा नातू ताडकन उठून बसला. "पण आजोबा, आपल्याला काय त्याचे? आपण तर गच्चीवर सोलर बसविले आहे! आणि ऊन तर पाहा केवढे पडले आहे!"

"म्हणजे ते बिघडलेच असणार," थोरली नात म्हणाली.

एवढ्यात शेजारचे यंत्रमागवाले काका घाम पुशीत आत आले. त्यांच्या हातात कसलेसे कागद होते. बंद पंख्याकडे पाहून ते दारातच थबकले. "हे काय, तुमच्याकडेही वीज नाही? मी तर उद्या सोलरच्या कागदांवर सही करणार होतो. म्हटले, एकदा कर्ज काढावे, गच्चीवर पॅनेल बसवावेत, म्हणजे वीज गेली तरी माग चालत राहतील."

"सही उद्या आहे ना?" आजोबा म्हणाले. "मग आज दोन घटका बसा. मुलांनो, काकांना पाणी आणा. माठातले आणा."

आजोबांची तीस वर्षे एका कापडगिरणीच्या वीजखात्यात गेली होती. गच्चीवरचे पॅनेल बसवून घेताना त्यांनी कारागिरांना इतके प्रश्न विचारले होते, की शेवटी ते कारागीरच आजोबांना पाहून जिन्यात लपू लागले, असे घरात गमतीने सांगत असत.

मुलांनो, त्या दुपारी नातवाच्या बोलण्यात जी चूक होती ती त्याची एकट्याची नव्हती. ती थोडीशी आपल्या भाषेतच दडलेली आहे. 'अंगणात ऊन पडले' असे आपण म्हणतो, आणि 'ऊन पाण्याने आंघोळ केली' असेही म्हणतो. पहिल्या वाक्यातील ऊन म्हणजे सूर्याचा प्रकाश. दुसऱ्या वाक्यातील ऊन म्हणजे उष्ण. एकाच लहानशा शब्दात प्रकाश आणि उष्णता शेजारी शेजारी राहतात. म्हणून जेथे ऊन अधिक तापते तेथे सूर्यापासून वीजही अधिक मिळत असली पाहिजे, असे आपल्याला सहजच वाटते. सोलापूर तापते फार, तेव्हा सोलापूरला वीज फार, असा हिशेब मनात आपोआप होऊन जातो.

हा हिशेब अर्धा बरोबर आणि अर्धा चूक आहे. त्याचा बरोबर भाग कोणता हे समजून घेण्यासाठी सूर्यापासून काम करून घेण्याच्या दोन वाटा वेगवेगळ्या ओळखल्या पाहिजेत.

पहिली वाट उष्णतेची. ही फार जुनी आहे. आपल्या आया-आज्या उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया, पापड, सांडगे वाळवितात ती हीच वाट. गच्चीवरचा सौरबंबही याच वाटेने चालतो: काळ्या रंगाच्या नळ्या उन्हात तापतात, त्यांतील पाणी तापते आणि आंघोळीसाठी खाली येते. सौरबंबात वीज तयार होत नाही. पुष्कळ लोक सौरबंब आणि सौर पॅनेल यांना एकच 'सोलर' म्हणतात, त्यामुळे पुढचा सगळा गोंधळ सुरू होतो.

उष्णतेच्या वाटेवर एक मोठा प्रयोग आपल्याच राज्यात फार पूर्वी झाला होता. विल्यम अॅडम्स नावाचे एक इंग्रज गृहस्थ मुंबईच्या उच्च न्यायालयात नोकरीस होते. दिवसभर न्यायालयाचे कागद हाताळणाऱ्या या गृहस्थांना छंद मात्र आरशांचा होता. १८७० नंतरच्या दशकात त्यांनी मुंबईत पुष्कळसे सपाट आरसे अर्धवर्तुळाकार मांडून त्यांचा झोत एका बाष्पपात्रावर टाकला, त्यातील पाण्याची वाफ केली आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचा पंप चालवून दाखविला. सूर्याच्या उष्णतेवर अन्न शिजविण्याची पेटीही त्यांनी केली. या साऱ्या उद्योगावर त्यांनी १८७८ साली एक पुस्तक लिहिले. उष्ण देशांत सरपणाऐवजी सूर्याची उष्णता वापरता येईल, असा त्यांचा विचार होता. पुढे कोळसा स्वस्त मिळत गेला आणि तो विचार मागे पडला. परंतु मेला नाही. २००९ साली शिर्डीच्या प्रसादालयाच्या छपरावर आरशांच्या ७३ मोठ्या तबकड्या बसविण्यात आल्या. त्यांच्या उष्णतेने वाफ तयार होते, आणि त्या वाफेवर हजारो भाविकांचा स्वयंपाक शिजतो. अॅडम्ससाहेबांना ते स्वयंपाकघर पाहावयास मिळाले असते तर त्यांना किती आनंद झाला असता!

दुसरी वाट प्रकाशाची. ती सापडली १८३९ साली. एडमंड बेकरेल हा फ्रेंच तरुण त्या वेळी अवघा एकोणीस वर्षांचा होता. वडिलांच्या प्रयोगशाळेत द्रवात बुडविलेल्या धातूच्या पट्ट्यांवर प्रकाश पाडला असता तारेतून किंचित वीज वाहते, असे त्याला आढळले. वीज इतकी थोडी होती की तिचा उपयोग काय, हे कोणालाच सांगता आले नाही. शंभराहून अधिक वर्षे गेली. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी सिलिकॉनचा सौर घट तयार केला. त्यावर पडलेल्या प्रकाशाच्या शंभर भागांपैकी सुमारे सहा भागांची वीज होत असे. आजच्या चांगल्या पॅनेलमध्ये वीस भागांहून अधिक होते.

हे सौर घट कसोटीस उतरले ते आकाशात. १९५८ साली अमेरिकेने 'व्हॅनगार्ड' नावाचा एक चिमुकला उपग्रह सोडला. त्यात साधी बॅटरीही होती आणि सौर घटही होते. बॅटरी काही महिन्यांतच संपली. सौर घटांवर चालणारा प्रक्षेपक मात्र १९६४ सालापर्यंत पृथ्वीकडे संदेश पाठवीत राहिला.

"हे सगळे खरे," काका म्हणाले, "पण प्रकाशातून वीज निघते तरी कशी? आत काही फिरत नाही, हलत नाही."

प्रश्न चांगला होता. आजोबांनी पाटीच मागविली. ते जे बोलले त्याचा मतितार्थ असा:

सिलिकॉन हे वाळूपासून मिळणारे मूलद्रव्य. त्याची कागदासारखी पातळ चकती घेतात. तिच्या एका अंगात फॉस्फरसचा आणि दुसऱ्या अंगात बोरॉनचा अगदी सूक्ष्म अंश मिसळलेला असतो. ही दोन अंगे जेथे भेटतात तेथे जणू एक अदृश्य बांध तयार होतो. प्रकाश पडला की आतील इलेक्ट्रॉन नावाचे अतिसूक्ष्म कण जागचे सुटतात, आणि बांध त्यांना एकाच बाजूस लोटून धरतो. एका बाजूस कणांची अशी दाटी झाली म्हणजे ते बाहेरच्या तारेवाटे फिरून आपल्या जागी परत जाऊ पाहतात. त्यांचे हे तारेतून वाहणे म्हणजेच वीज.

आता चकती फार तापली तर काय होते? उष्णतेने आतले सारेच कण अस्वस्थ होतात. बांध जणू झिरपू लागतो. एका बाजूस लोटलेले कण आतल्या आत माघारी येतात. बांधाआडच्या पाण्याची पातळी उतरावी तसा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, उतरतो. पॅनेलची कारखान्यात परीक्षा होते ती २५ अंश उष्णतेला. त्यापुढे प्रत्येक अंशामागे त्याची शक्ती शेकडा सुमारे ०.३ ते ०.४ इतकी घटत जाते. आपल्याकडे मे महिन्यात हवा ४२ अंश असली तर काळ्या पॅनेलचे अंग सहज ६५ अंशांपर्यंत जाते. म्हणजे चाळीस अंशांची वाढ. शंभर भागांतून बारा ते सोळा भाग वीज केवळ तापण्यामुळे गेली!

"म्हणजे सोलापूरचा उन्हाळा पॅनेलला बाधतो?" नातीने विचारले.

"बाधतो तर! त्यालाही माठातल्या पाण्याची गरज आहे," आजोबा हसून म्हणाले, आणि त्यांनी कपाटातून एक वही काढली. रोज संध्याकाळी दिवसभरात किती युनिट वीज झाली ते त्या वहीत लिहिण्याचा त्यांचा परिपाठ होता. "मीसुद्धा पहिल्या वर्षी हाच हिशेब केला होता. म्हटले, मे महिना येऊ द्या, मग पाहा विजेचा पूर! पण मेच्या बेरजेने मार्चच्या बेरजेला काही गाठले नाही. मी बेरीज तीन वेळा करून पाहिली. मला वाटले, आपलेच चुकते आहे."

फेब्रुवारी-मार्चमध्ये सोलापूरचे आकाश निरभ्र असते आणि हवा मेइतकी तापलेली नसते. त्या दिवसांत पॅनेल पुष्कळदा मेपेक्षा चांगले काम करतात. सोलापूरचे खरे भाग्य ताप हे नसून वर्षातील बहुतेक दिवस मोकळे असणारे आकाश हे आहे. लडाखात पाणी गोठते, तरीही तेथील आकाश स्वच्छ असल्याने सौर विजेसाठी तो प्रदेश उत्तम मानतात. आणि ज्याला अजून शंका असेल त्याने उन्हाळ्यात दिवस मावळल्यावर गच्चीवर जावे. फरशीचा ताप पायांना जाणवत असतो, भिंती धगधगत असतात, आणि पॅनेलमधून मात्र काहीच वीज येत नाही. ताप मागे राहिला आहे आणि प्रकाश गेला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मग ढग आले म्हणजे वीज अगदीच बंद होत असेल काय? तसेही नाही. ढगाळ दिवशी तुमची सावली पडत नाही. पण पुस्तक वाचता येते की नाही? जो प्रकाश पुस्तकावर पडतो तोच पॅनेलवरही पडतो. आभाळ दाटून आले तर वीज चौथ्या, दहाव्या हिश्शावर येते, पण दिवसा ती अगदी शून्य सहसा होत नाही. जर्मनीसारख्या थंड आणि ढगाळ देशातही घरोघर छपरांवर पॅनेल दिसतात ते यामुळेच.

ढगांपेक्षा पॅनेलचा अधिक घात करतात त्या बारीक सावल्या. हे मात्र पुष्कळांना पटत नाही. पॅनेलमधील घट एकामागे एक असे जोडलेले असतात. रबरी नळीवर एकाच जागी पाय दिला तरी सगळ्या नळीचे पाणी अडते, तसे एका घटावर सावली पडली की त्याच्या ओळीतल्या इतर घटांचीही वीज अडते. पॅनेल करणारे कारागीर अशा अडलेल्या विजेला बगल देण्याची सोय आत ठेवतात. तरी नुकसान व्हायचे ते होतेच. या घरात मागच्या उन्हाळ्यात काकूंनी वाळवणावर कावळे बसू नयेत म्हणून पॅनेलच्या समोरून दोरी बांधली आणि तिच्यावर जुन्या साड्या टाकल्या. आजोबांच्या वहीत त्या आठवड्याचे आकडे एकदम खाली आलेले आहेत आणि समासात 'कुरडया' एवढाच शब्द लिहिला आहे.

धुळीचेही तसेच. आपला प्रदेश कोरडा, वारा धुळीचा. महिनाभर न पुसलेले पॅनेल म्हणजे महिनाभर न पुसलेला चष्मा. ते धुवावयाचे ते सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतले तर काच तडकण्याचा संभव असतो. पॅनेल गच्चीवर आडवे न ठेवता दक्षिणेकडे थोडे कलते का बसवितात, तेही येथेच सांगतो. सोलापूर विषुववृत्ताच्या उत्तरेस साडेसतरा अंशांहून किंचित पुढे आहे. त्यामुळे वर्षातील बहुतेक दिवस दुपारचा सूर्य आपल्या दक्षिणेस असतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या आरंभी तो एकेक दिवस अगदी डोक्यावर येतो; त्या दुपारी उभ्या काठीची सावली दिसेनाशी होते. काठी रोवून हे तुम्हांला स्वतः पाहता येईल. ऑगस्टमध्ये मात्र ढगांनी कृपा केली पाहिजे.

काका इतका वेळ स्वस्थ ऐकत होते. आता त्यांनी आपला प्रश्न पुन्हा काढला. "आजोबा, ऊन आहे, आकाश मोकळे आहे, पॅनेल पुसलेले आहेत. मग तुमचा पंखा का थांबला?"

आजोबा उठले आणि खिडकीपाशी गेले. "इकडे या सगळे. तो कोपऱ्यावरचा डीपी दिसतो? त्याच्या शेजारच्या खांबावर कोण आहे?"

खांबावर वायरमन चढलेला होता. कमरेला पट्टा, डोक्यावर शिरस्त्राण, आणि भर उन्हात वितळलेल्या तारेचे काम चाललेले.

"त्याने तारेला हात लावण्यापूर्वी मागून वीज बंद केली आहे. तार मुकी आहे अशा भरवशावर तो काम करतो. आता आपल्या गच्चीवरची वीज तशीच चालू राहिली असती तर ती कोठे गेली असती?"

नात हळूच म्हणाली, "तारेतून बाहेर."

"आणि बाहेर कोण आहे?"

कोणीच काही बोलले नाही.

मुलांनो, हा प्रसंग नीट समजून घ्या. कारण या एका गोष्टीविषयी जितका गैरसमज आहे तितका दुसऱ्या कशाविषयी नाही. गच्चीवरच्या पॅनेलमधील वीज सरळ पंख्याला चालत नाही. ती एका दिशेने वाहणारी असते, आणि घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा दिशेचे चक्र पुरे करणारी असते. एकीची दुसरी करण्याचे काम इन्व्हर्टर नावाची पेटी करते. बहुतेक घरांत बसविलेली ही पेटी रस्त्यावरच्या विजेची लय पाहून तिच्या तालावर आपली वीज देते. रस्त्यावरची वीज गेली की ती क्षणा-दोन क्षणांत आपले काम थांबविते. हा तिचा बिघाड नव्हे. तिला तसेच शिकविलेले असते. ती थांबली नाही तर घरातली वीज उलट वाहत डीपीत शिरेल. डीपी एरवी अकरा हजार व्होल्टचा दाब उतरवून तो घराजोगा करतो; परंतु वीज उलट बाजूने आली तर तोच डीपी घरातला दाब चढवून अकरा हजारांवर नेईल. ज्या तारेला वायरमन मुकी समजतो ती तार बोलू लागेल. म्हणून पंखा थांबतो. आपल्याला घटकाभर उकडते, आणि खांबावरचा माणूस संध्याकाळी आपल्या मुलांमध्ये परत जातो.

वीज गेल्यावरही घर उजळावे असे वाटत असेल तर बॅटरी आणि वेगळ्या प्रकारचा इन्व्हर्टर लागतो. तो आधी घराचा रस्त्याशी असलेला संबंध तोडतो आणि मगच बॅटरीतील वीज घरात सोडतो. दोन दिवे आणि एक पंखा चालविण्यापुरती बॅटरी पुष्कळांना परवडते.

"माझ्या सोळा मागांना?" काकांनी विचारले.

"बॅटऱ्या ठेवण्यासाठी एक खोली बांधावी लागेल, आणि त्यांची किंमत ऐकून तुम्ही माग विकावयास काढाल."

काकांनी हातातले कागद घडी करून खिशात ठेवले. त्यांचा चेहरा उतरला. "मग रात्री तर विचारावयासच नको. रात्रपाळीला काय उपयोग या पॅनेलचा?"

येथे आजोबांनी त्यांना नेट मीटरची गोष्ट सांगितली. पॅनेल स्वतः वीज साठवीत नाही. ती कणगी नव्हे, ते जाते आहे. दळले की पीठ बाहेर. दिवसा घरात लागेल त्याहून अधिक वीज झाली तर ती रस्त्यावरच्या तारेत जाते, आणि रात्री तेथूनच घरात येते. शेजारणीला दिलेली वाटीभर साखर आणि तिच्याकडून पुन्हा आणलेली वाटीभर साखर, असा तो व्यवहार. नेट मीटर ही देवघेव दोन्ही बाजूंनी मोजतो, आणि जो फरक उरेल त्याचे बिल येते. रात्री लागलेली वीज पॅनेलची नसते. पण दिवसाच्या देण्यातून तिची फेड होऊ शकते.

"आता आकडा ऐका," आजोबा म्हणाले, "कारण येथेच व्यापारी माणूस फसतो." एक किलोवॅटचा पॅनेल म्हटला की लोकांना वाटते, तो दर तासाला एक युनिट देणार, म्हणजे दिवसाला चोवीस. पण सूर्य चोवीस तास नसतो; सकाळ-संध्याकाळ तो तिरपा असतो; पावसाळ्यात झाकलेला असतो. महाराष्ट्रात एक किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट, महिन्याला सुमारे १२० युनिट, असा हिशेब धरतात. एवढ्या पॅनेलांना शंभर चौरस फुटांच्या आसपास मोकळी, सावली नसलेली जागा लागते. सोलापूरजवळ आहेरवाडी-फताटेवाडीला कोळशावर चालणारे १३२० मेगावॅटचे वीजकेंद्र आहे. ते कोळसा मिळेल तोवर रात्रीही चालू शकते. तितक्याच मेगावॅटचे सौर पॅनेल बसविले तर वर्षाकाठी त्यांची वीज त्याहून पुष्कळ कमी भरेल, आणि जागा मात्र एका मेगावॅटला चार ते पाच एकर लागेल. कोळशाचा धूर आणि राख त्यांतून येत नाही, ही गोष्ट दुसऱ्या पारड्यात घालावयाची. दोन्ही पारडी पाहिल्याशिवाय बोलू नये.

शेतकऱ्यासाठी तर दिवसाची वीज हीच मोठी वस्तू आहे. पिकाला पाणी द्यावयाचे आणि वीज येते मध्यरात्री, अशा वेळी हातात विजेरी घेऊन, चिखलातून, सापाकिरड्यांच्या भीतीने शेतावर जाणारी माणसे आपल्या जिल्ह्यात गावोगाव आढळतील. पंपासाठी दिवसा सौर वीज मिळावी म्हणून राज्याने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली ती या कारणाने. ऊस आणि डाळिंब यांना रात्रीचे पाणी काही अधिक गोड लागत नाही.

नातवाने मध्येच विचारले, "आजोबा, सगळ्यांनी पॅनेल लावले तर सूर्याचे ऊन संपून जाईल का? आमच्या वर्गातला एक मुलगा म्हणत होता, पॅनेल ऊन ओढून घेतात आणि मग पाऊस पडत नाही."

हसण्याजोगी वाटली तरी ही शंका पुष्कळ ठिकाणी पुष्कळ मोठ्या माणसांनी काढलेली आहे. सातारा-सांगलीकडच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा दुष्काळाच्या वर्षांत 'या पवनचक्क्या ढग पळवितात' अशी समजूत पसरली होती. पाऊस न आल्याने ज्याचे पीक जळते तो माणूस कारण शोधणारच, आणि नवी वस्तू समोर दिसली की बोट तिच्याकडे जाते. पण आपल्याकडचा पाऊस समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांवर अवलंबून असतो. छपरावरच्या काचेला त्याची वाट अडविता येत नाही. सोलापूर सह्याद्रीच्या पावसाळी घाटांपासून दूर, पर्जन्यछायेत आहे. येथे पॅनेल नव्हते तेव्हाही दुष्काळ पडत होते. आणि सूर्याचे म्हणाल तर त्याचा प्रकाश आठ मिनिटांचा प्रवास करून येथे येतो, तो पॅनेलवर पडो वा खडकावर. आपण तो घेतला म्हणून तिकडे काही उणे होत नाही. सारी मानवजात एका वर्षात जितकी ऊर्जा वापरते, सुमारे तितकी ऊर्जा सूर्याकडून पृथ्वीवर तासा-दीड तासात येऊन पडते.

याच्या उलट बाजूची समजूतही सोडून द्यावी. सौर वीज सर्वस्वी निर्मळ आणि फुकट आहे, असे जाहिराती सांगतात. प्रकाश फुकट आहे. पॅनेल फुकट नाही. सिलिकॉन शुद्ध करावयास मोठ्या भट्ट्या लागतात आणि त्यांत वीज खर्ची पडते. ती वीज पुष्कळदा कोळशाचीच असते. पॅनेल तयार करण्यास लागलेली ऊर्जा तो पॅनेल एक-दोन, फार तर तीन वर्षांत परत देतो, आणि पुढे वीस-पंचवीस वर्षे दरसाल थोडा थोडा थकत काम करीत राहतो. शेवटी मात्र काच, धातू आणि प्लास्टिक यांचा तो एक मोठा तुकडा उरतो. त्याची वासलात कशी लावावयाची हे काम तुम्ही मोठे व्हाल तेव्हा तुमच्या पिढीपुढे येणार आहे. कदाचित या वर्गातील कोणी त्याचा कारखाना काढील.

काका उठले. खिशातले कागद त्यांनी पुन्हा बाहेर काढले आणि एका पानावर बोट ठेवले. "येथे लिहिले आहे, 'अखंड वीजपुरवठा'. हे शब्द काढून टाकावयास सांगतो. आणि कारखान्याच्या उत्तरेला पाण्याची टाकी आहे, तिची सावली..."

"उत्तरेची टाकी फारशी नडणार नाही. दक्षिणेला काय आहे?"

"निंब आहे. मोठा आहे."

"मग आधी सावली किती वाजता कोठवर येते ते पंधरा दिवस पाहा. निंब तोडू नका. पॅनेल सरकवा."

काका जिना उतरून गेले. खिडकीतून पाहणाऱ्या नातवाने ओरडून सांगितले, "वायरमन खाली उतरला!" थोड्या वेळात डीपीपाशी खट्‌ असा आवाज झाला. पंख्याने एक हेलकावा घेतला आणि तो फिरू लागला. शेजारी एक माग सुरू झाला, मग दुसरा, मग सगळे.

नातू धावत जिन्यात गेला. तेथे भिंतीवर इन्व्हर्टरची पेटी होती. तिचा हिरवा दिवा अजून लागला नव्हता. "आजोबा, वीज आली तरी ही अजून झोपलेलीच!"

"झोपलेली नाही. रस्त्यावरची वीज खरोखर ठरली आहे की पुन्हा जाते आहे, हे ती पाहते. मगच आपली वीज देईल. तू मोज."

नातू जिन्याच्या पायरीवर बसला आणि पेटीकडे डोळे लावून मोजू लागला.